पाठीवर लेकरू, समोर कॅमेरा : कोरियाच्या पिक्चरची गोष्ट

आज आम्ही पिक्चरवर बोलणार आहोत, आणि तेही आपल्याकडच्या नव्हे तर कोरियाच्या. बचत गटाच्या बायांना कोरियाशी काय करायचं, असं कुणी म्हणेल. पण ज्यांच्या घरी चौदा-पंधरा वर्षांची पोरगी आहे त्यांनी आत्ताच मान डोलावली असेल. गोंदिया शहर असो की सालेकसा-देवरीकडचं जंगलातलं गाव, पोरींच्या मोबाइलवर हिंदीत बोलणारी कोरियन मालिका चालूच असते. त्या एकमेकींना 'अन्यॉंग' म्हणतात, आणि आजी विचारते, हे कोणत्या गावचं बोलणं गं?

आमचं वेड असंच सुरू झालं. पोरी काय पाहतात ते बघावं म्हणून शेजारी जाऊन बसलो आणि तिथेच बसून राहिलो. मालिका सोळा भागांची असते आणि खरंच संपते, हे आम्हाला पहिलं आवडलं. नायकांचं ते दुधासारखं गोरेपण मात्र आम्हाला अजून पटलेलं नाही. त्यापायी आपल्या पोरी चेहऱ्याला काय काय चोपडतात त्यावर वेगळं बोलावं लागेल. मालिकेतून मग पिक्चरकडे गेलो. एक पाहिला, दुसरा पाहिला, मग हा कुणी काढला, याच्या आधी काय होतं, असं विचारत विचारत मागे मागे सरकलो. कोरियाच्या सरकारी चित्रपट संग्रहालयाने कितीतरी जुने पिक्चर यूट्यूबवर फुकट ठेवलेत, खाली इंग्रजी अक्षरं येतात. आमच्यात इंग्रजी वाचणारी एखादीच. म्हणून कॉलेजात जाणारी पोरगी पुढे बसते, खालची अक्षरं वाचते आणि आपल्या बोलीत सांगत जाते. बाकीच्या ऐकतात. कुणी मध्येच म्हणते, 'अगं, तो रडतोय तेवढं दिसतंय, का रडतोय ते सांग.'

गंमत अशी, की कोरियात पिक्चर सुरू झाला तेव्हा तिथल्या बायाही असाच पिक्चर पाहत होत्या. ती गोष्ट पुढे येते. आधी हा देश कुठे, कसा, ते पाहू.

दक्षिण कोरिया आपल्या महाराष्ट्राच्या एक तृतीयांश, म्हणजे साधारण एक लाख चौरस किलोमीटर. माणसं पाच कोटींच्या वर. डोंगर फार, आणि जिथे सपाटी तिथे धान. धान म्हटलं की आपल्याला वेगळं सांगायला नको. पऱ्हे टाकायचे, चिखल करायचा, वाकून रोवणी करायची, आज तुझ्या बांधीत तर उद्या माझ्या बांधीत. कोरियाच्या खेड्यांत यंत्रं येईपर्यंत हेच चालायचं, आणि रोवणीची गाणीही होती. म्हणून तिथल्या जुन्या पिक्चरमध्ये बांध दिसला, की आमच्यातल्या म्हाताऱ्या लगेच सांगतात, पाणी जास्त झालं म्हणून.

१९१० ते १९४५ हा देश जपानच्या ताब्यात होता. १९४५ मध्ये जपानी गेले आणि देशाचे उत्तर आणि दक्षिण असे दोन तुकडे झाले. २५ जून १९५० ला दोघांत युद्ध पेटलं, ते २७ जुलै १९५३ ला थांबलं. थांबलं म्हणजे गोळीबार थांबला. घरं मधोमध तुटली ती तुटलेलीच राहिली, बहीण इकडे, भाऊ तिकडे.

इथे एक मराठी माणूस येतो. युद्ध थांबल्यावर प्रश्न उरला कैद्यांचा. कित्येक कैदी आपल्या देशात परत जायला तयार नव्हते. त्यांना सांभाळायचं काम भारताच्या फौजेकडे आलं, आणि त्या फौजेचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. साडेबावीस हजारांहून जास्त चिनी आणि उत्तर कोरियाचे कैदी त्यांच्या ताब्यात होते. भारतीय सैनिकांनी आपल्या जमिनीवर पाय ठेवू नये असा दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांचा हट्ट होता, म्हणून जहाजातून उतरलेल्या आपल्या जवानांना हेलिकॉप्टरने मधल्या पट्ट्यात नेलं. १९५४ मध्ये ते परत आले. कोरिया म्हणजे मोबाइलमधला देश असं आपल्या पोरींना वाटतं. त्यांच्या पणजोबांच्या वयाच्या मराठी माणसाने तिथला बर्फ आणि तिथली तारेची कुंपणं पाहिली आहेत.

आता पिक्चर. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला मुंबईत लागला. कोरियात पहिली सुरुवात झाली २७ ऑक्टोबर १९१९ ला, सोल शहरातल्या दानसोंगसा नावाच्या थिएटरात. तो पूर्ण पिक्चर नव्हता. रंगमंचावर नाटक चालू असायचं, आणि बाहेरचे, पळापळीचे प्रसंग आले की पडदा खाली यायचा आणि त्यावर चित्रीकरण दाखवायचे. ते संपलं की पुन्हा नट हजर. आपल्या झाडीपट्टीच्या नाटकात असं काही केलं तर काय मजा येईल, असं आमच्यातली एक म्हणाली. मंडईच्या रात्री दहाला नाटक सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतं, त्यात मध्ये एक पडदा सोडला की झालं. कोरियात २७ ऑक्टोबर हा आजही चित्रपट दिन म्हणून पाळतात.

तेव्हा पिक्चर मुका होता. मग गोष्ट कळायची कशी? त्यासाठी पडद्याशेजारी एक माणूस उभा राहायचा, त्याला म्हणायचे ब्योन्सा. तो सगळ्या पात्रांचे आवाज काढायचा, आईचा वेगळा, सावकाराचा वेगळा, रडायचा, ओरडायचा. कोणत्या ब्योन्साचा आवाज आहे ते पाहून लोक तिकीट काढायचे. जपानी पोलीस थिएटरात बसलेले असायचे. तरी छापील मजकुरात नसलेलं एखादं वाक्य ब्योन्सा हळूच घालायचा आणि लोकांना ते बरोबर कळायचं. आमची वाचून दाखवणारी पोरगी ही आमची ब्योन्साच. तीही आपल्या मनाचं बरंच घालते, हे आम्हाला माहीत आहे.

१९२६ मध्ये ना उन-ग्यू या तरुणाचा 'आरिरांग' आला. पोलिसांच्या छळाने वेडा झालेला एक पोरगा, त्याची बहीण, आणि त्या बहिणीवर हात टाकणारा जमीनदाराचा माणूस. शेवटी पोरगा विळा उचलतो आणि पोलीस त्याला बांधून नेतात. लोक थिएटरात रडायचे आणि आरिरांग हे लोकगीत गायचे. हा पिक्चर आज कुठेही नाही. एकही प्रत सापडलेली नाही. आपलंही याहून फार बरं नाही, 'राजा हरिश्चंद्र'सुद्धा पूर्ण उरलेला नाही. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून जुन्या पेट्या गोळा केल्या, म्हणून निदान तुकडे तरी राहिले.

हरवण्याची गोष्ट निघाली तर आता जिच्यासाठी आम्ही हा विषय घेतला तिच्याकडे येतो. तिचं नाव पार्क नाम-ओक.

जन्म १९२३ चा. शाळेत असताना गोळाफेक करायची. पुढे कॉलेजात घातलं ते गृहशास्त्र शिकायला, पण तिचं मन पिक्चरमध्ये. कॉलेज सोडलं, वर्तमानपत्रात काम केलं, स्टुडिओत शिरली, युद्धाच्या काळात बातमीपटांवर काम केलं. आणि १९५५ मध्ये तिने स्वतः दिग्दर्शन केलेला पिक्चर आला, 'मिमांगिन', म्हणजे विधवा. कोरियातली ती पहिली बाई दिग्दर्शक.

पैसे कुणी दिले? तिच्या थोरल्या बहिणीने. म्हणून कंपनीला नावही बहिणींचंच दिलं. तेव्हा पार्क नाम-ओक बाळंत होऊन फार दिवस झाले नव्हते. मुलगी तान्ही, सांभाळायला कुणी नाही. मग तिने पोरीला कापडाने पाठीशी बांधलं आणि तसंच शूटिंग केलं. तिचा तो फोटो आहे. आम्ही तो सगळ्यांनी हातात हात फिरवत पाहिला. रोवणीला तान्हं लेकरू घेऊन गेलेल्या बाईला त्या फोटोत काय चाललंय ते समजवावं लागत नाही. शूटिंगच्या माणसांना बाहेरचं जेवण परवडत नव्हतं, तर रोज सगळ्यांचा स्वयंपाकही तिनेच केला. म्हणजे आधी भात रांधायचा, मग बाजूला होऊन सांगायचं, कॅमेरा सुरू करा.

हे वाचलं तेव्हा आम्हाला सरस्वतीबाई फाळके आठवल्या. 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी साठ-सत्तर माणसांचं रांधणं त्यांच्या अंगावर होतं. त्यांनी दागिने दिले, कपडे धुतले, रात्री फिल्मच्या पट्टीला भोकं पाडली, ती धुवायची रसायनंही कालवली. पिक्चरमध्ये तारामतीचं काम मात्र अण्णा साळुंके या पुरुषाने केलं, कारण त्या काळी बाई मिळेना. दादासाहेबांच्या नावाने देशातला सिनेमाचा सगळ्यात मोठा पुरस्कार आहे आणि तो असायलाच हवा. पण भारतीय सिनेमाची पहिली तंत्रज्ञ बाई कोण, असं शाळेत कुणी विचारतं का?

'मिमांगिन'ची गोष्ट अशी. युद्धात नवरा गेलेली तरुण बाई, पदरात एक मुलगी. नवऱ्याचा श्रीमंत मित्र पैशाची मदत करतो आणि त्याची नजर सरळ नाही. तिचा जीव जडतो दुसऱ्याच एका तरुणावर. त्याच्यासाठी ती मुलीला दुसरीकडे ठेवते. आणि तो तरुण एक दिवस जिला मेली समजत होता तिच्याकडे निघून जातो. यात ती विधवा देवी नाही आणि वाईट चालीचीही नाही. तिला नवी साडी आवडावी तसं जगणं आवडतं, एवढंच. सत्तर वर्षांपूर्वी एका बाईने हे पडद्यावर असं मांडलं, शिक्षा न देता.

यावर आमच्यात वाद झाला. मुलीला दूर ठेवलं हे काहींना अजिबात पटलं नाही. एक काकू म्हणाल्या, नवऱ्याने बायको गेल्यावर दुसरी केली आणि पोरं आजीकडे ठेवली तर आपण काय म्हणतो? घर सांभाळायला हवीच ना बाई, असं म्हणतो. त्यावर कुणी काही बोललं नाही. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. त्याच महिन्यात सरकारनेही सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. कागद आला. हळदीकुंकवाच्या दिवशी आपल्या गल्लीत तिला कोण बोलावतं, ते ज्याने त्याने आपापल्या दारात पाहावं.

'मिमांगिन' थिएटरात काही दिवसच टिकला. पार्क नाम-ओक यांना पुन्हा पिक्चर करता आला नाही. मग चाळीस वर्षं त्यांचं नाव कुणी घेतलं नाही. १९९७ मध्ये सोलला बायांचा पहिला चित्रपट महोत्सव भरला, तिथे त्याची उरलेली प्रत दाखवली. उरलेली म्हणायचं कारण, शेवटची पेटी नाही, आणि तिच्या आधीचा काही भाग दिसतो पण त्याला आवाज नाही. ओठ हलतात, ऐकू काही येत नाही. आमच्या ब्योन्साने तिथे वाचायचं थांबवलं, वाचायला काही नव्हतंच. शेवट काय झाला ते पाहायची सोय नाही. पार्क नाम-ओक २०१७ मध्ये अमेरिकेत वारल्या. त्यांच्या नावाने आता तिथे बाई दिग्दर्शकांना पुरस्कार देतात.

त्यानंतरची तीस वर्षं आम्ही भरभर पाहिली. १९६० चा 'हान्यो', म्हणजे मोलकरीण, फार गाजलेला आहे आणि भयंकर आहे, तो पोरांसमोर लावू नका. पुढे लष्करी राजवट आली, कात्री आली, बरेच पिक्चर एकसारखे निघाले. बाई दिग्दर्शक तर हाताच्या बोटांवर मोजाव्या इतक्याच. मग १९९० नंतर दोन गोष्टी झाल्या. १९९४ मध्ये तिथल्या सरकारपुढे एक हिशेब मांडला गेला, की 'जुरासिक पार्क' या एका अमेरिकी पिक्चरने कमावलेला पैसा म्हणजे कोरियाने पंधरा लाख मोटारी विकण्याएवढा. तेव्हापासून पिक्चर हा धंदा म्हणून सरकारने मनावर घेतला. दुसरं म्हणजे तिथे कायदाच होता, की थिएटरांनी वर्षातले १४६ दिवस देशी पिक्चर दाखवायचे. २००६ मध्ये अमेरिकेशी व्यापाराच्या बोलण्यांपायी ते ७३ केले, तर मोठमोठे नट रस्त्यावर उतरले. आपल्याकडे २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सने मराठी पिक्चरला चांगली वेळ द्यावी असं सरकार म्हणालं तेव्हा केवढा गोंधळ झाला होता, तो आठवत असेल. आपल्या भागात मल्टिप्लेक्सच मोजके, त्यामुळे तो वाद आपल्यापर्यंत टीव्हीतूनच आला.

१९९३ मध्ये आलेल्या 'सोप्योन्जे'वर मात्र थांबावं लागतं. दिग्दर्शक इम क्वॉन-तेक. कोरियात पानसोरी नावाची जुनी गायकी आहे. एक गाणारा किंवा गाणारी, एक ढोलकवाला, हातात पंखा, आणि तासन् तास चालणारी गोष्ट. नवी गाणी, नवे बँड आले आणि पानसोरीवाल्यांना कुणी विचारेना. असा एक गायक बाप दोन लेकरांना घेऊन गावोगाव फिरतो. धुळीच्या वाटेवरून तिघं गात येतात तो प्रसंग पाहताना आमच्यातल्या दोघी-तिघींना दंडारवाले आठवले, खडी गंमतवाले आठवले. सोल शहरात दहा लाख तिकिटं विकली गेलेला हा पहिला कोरियन पिक्चर. म्हणजे ज्या गायकीकडे लोकांनी पाठ फिरवली, तिच्यावरचा पिक्चर पाहायला तेच लोक रांगेत उभे राहिले.

पण त्यात एक गोष्ट आम्हाला गिळता आली नाही. पोरीच्या गळ्यात खरं दुःख उतरावं म्हणून बाप तिला औषध घालून आंधळी करतो. पिक्चर त्या बापाला पुरता राक्षस करत नाही, पोरगीही त्याला माफ करते, आणि गाणं खरोखर काळजाला हात घालतं. मोठमोठे जाणकार याला कलेचा त्याग म्हणतात. आम्ही विचारलं, त्याग बापाचा कसा, डोळे तर तिचे गेले? इम क्वॉन-तेक थोर आहेत यात शंका नाही. २०१६ मध्ये गोव्याला पणजीत झालेल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात भारताने त्यांना जीवनगौरव पुरस्कार दिला. त्या वर्षी खास देश म्हणून कोरियाच निवडला होता आणि शेवटचा पिक्चरही कोरियाचा होता. तरी आमचा प्रश्न आम्ही मागे घेतलेला नाही.

आता दोन पिक्चर असे सांगतो, की जे तुम्ही सासूबाईंना शेजारी बसवून पाहावेत.

पहिला २००२ चा 'जिबुरो', म्हणजे घराकडे. दिग्दर्शक ली जंग-ह्यांग, या बाई. शहरातली एक आई आपल्या सात वर्षांच्या पोराला डोंगरातल्या आजीकडे सोडून जाते. आजी मुकी, कंबरेत पार वाकलेली. पोरगा हट्टी, तोंडाळ, हातातल्या खेळण्यात डोकं घातलेला. बॅटरी संपली म्हणून आजीच्या केसांतला काटा चोरतो. त्याला तळलेली कोंबडी हवी असते, आजीला 'कोंबडी' तेवढं कळतं. ती पावसात बाजारातून कोंबडी आणते आणि उकडून देते, तर हा रडून घर डोक्यावर घेतो. आमच्याकडे इथे हशा झाला, कारण सुट्टीत पुण्या-नागपूरहून आलेली नातवंडं सगळ्यांच्या घरी आहेत. शेवटी जायच्या आदल्या रात्री तो आजीला दोन वाक्यं लिहायला शिकवतो, मी आजारी आहे, आणि तुझी आठवण येते. तिला बोलता येत नाही, फोन करता येणार नाही, निदान पत्र तरी टाकेल. तिला जमत नाही. मग तो सगळ्या सुया काढतो आणि एकेकीत दोरा ओवून ठेवतो, तिला पुढे दिसत नाही म्हणून. हशा तिथे बंद झाला.

आजीचं काम केलेली बाई नटी नव्हती. त्याच भागातली एक खेड्यातली आजी, किम उल-बून. तिने त्याआधी आयुष्यात एकही पिक्चर पाहिलेला नव्हता. पिक्चर चाळीस लाखांच्या आसपास लोकांनी पाहिला आणि तिच्या दारात अनोळखी माणसांची रीघ लागली, इतकी की तिला गाव सोडून लेकरांकडे शहरात जावं लागलं. ही बाजू पिक्चरचं कौतुक करणारे सहसा सांगत नाहीत. आपल्या गावात कुणी कॅमेरा घेऊन आलं, की आपण चहा देतो, घर दाखवतो. नंतर काय होईल ते त्यांना विचारायला हवं.

दुसरा २००९ चा 'वोनांग सोरी', म्हणजे बैलाच्या गळ्यातल्या घंटेचा आवाज. दिग्दर्शक ली चुंग-रयोल. ही बनवलेली गोष्ट नाही, खरा म्हातारा, खरी म्हातारी आणि त्यांचा खरा बैल. बैल चाळीस वर्षांचा. आपल्याकडे बैल किती वर्षं जगतो ते तुम्हाला माहीत आहे, तेव्हा चाळीस म्हणजे काय ते समजा. म्हाताऱ्याचा एक पाय लहानपणापासून अधू. तो शेतात औषध फवारू देत नाही, कारण बांधावरचं गवत बैल खातो. शेजारी यंत्राने धान कापतात, हा विळ्याने कापतो. बैलगाडीत बसून दोघं जातात आणि रस्त्याने मोटारी जातात.

पण सगळ्यात भारी आहे ती म्हातारी. ती सबंध पिक्चरभर बोलते. माझंच नशीब फुटकं, दुसऱ्याच्या नवऱ्यांनी फवारणी केली, ट्रॅक्टर घेतला, आणि हा मेला बैलाचाच झाला, मला कधी विचारलं नाही. शहरातले लोक हा पिक्चर माणूस आणि जनावराच्या प्रेमाचा म्हणून पाहतात. आम्हाला तो तिचा वाटला. कारण औषध न मारलेल्या शेतातलं तण कोण काढतं? पिक्चर तिची कुरकुर कापत नाही, हे त्या दिग्दर्शकाचं मोठेपण. कमी पैशात केलेला हा पिक्चर तीस लाखांच्या जवळपास लोकांनी पाहिला. पोळ्याच्या सुमारास आम्ही तो लावला होता. आमच्यात आता दोघींच्याच घरी बैलजोडी आहे, बाकीच्यांकडे मातीचे बैल पुजले जातात. बैल मरतो त्या वेळी पुरुष मंडळीही दारात येऊन उभी होती. आत मात्र आली नाहीत.

२०१९ च्या 'पॅरासाइट'बद्दल फार सांगत नाही, त्याच्याबद्दल सगळेच बोललेत. बोंग जून-हो यांच्या या पिक्चरला २०२० च्या फेब्रुवारीत चार ऑस्कर मिळाले. इंग्रजी नसलेल्या पिक्चरला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर तेव्हा पहिल्यांदा मिळालं. आम्हाला सांगायचंय ते त्याच्या भाषांतराचं. डार्सी पॅकेट नावाचे एक अमेरिकी गृहस्थ १९९७ मध्ये सोलला इंग्रजी शिकवायला गेले. तिथले पिक्चर पाहून वेडे झाले, त्यांच्यावर लिहायला लागले, पुस्तक लिहिलं, पिक्चरचे संवादही इंग्रजीत करायला लागले. 'पॅरासाइट'ची खालची अक्षरं त्यांचीच. त्यात एक श्रीमंत बाई कामवालीला फोनवर सांगते, लेकासाठी 'चापागुरी' करून ठेव. म्हणजे दोन स्वस्त पाकिटांच्या शेवया एकत्र करून. वर ती महागडं मांस घालायला सांगते. जशी कुणी मॅगी करावी आणि वर मूठभर काजू टाकावेत. कोरियन माणूस तिथे लगेच हसतो. इंग्रजीत तो पदार्थच नाही, तर पॅकेट यांनी दोन शेवयांची नावं जोडून नवाच शब्द बनवला. आमच्या ब्योन्साने त्याचं 'काजूवाली मॅगी' केलं आणि काम झालं. पावसात खालच्या वस्तीत घाण पाणी शिरतं, आणि दुसऱ्या दिवशी ती श्रीमंत बाई म्हणते की पावसाने हवा किती छान झाली. ते वाक्य कुणाला सांगावं लागलं नाही.

शेवटचा एक. 'किम जी-यंग, जन्म १९८२'. चो नाम-जू या बाईंची २०१६ ची कादंबरी, त्यावर २०१९ मध्ये किम दो-यंग या बाईंनीच पिक्चर केला. कादंबरी दहा लाखांहून जास्त खपली. एक साधी शिकलेली बाई, मूल झालं म्हणून नोकरी सोडलेली. बागेत मुलीची गाडी घेऊन चहा-कॉफी प्यायली, तर शेजारचे कुजबुजतात की नवऱ्याच्या पैशावर मजा करते. पिक्चर लागायच्या आधीच तिथल्या कित्येक पुरुषांनी न पाहता त्याला वाईट गुण दिले. तरी पस्तीस लाखांहून जास्त लोकांनी तो पाहिला.

त्यात सणाचा प्रसंग आहे. सून सासरी पहाटेपासून राबते. आवरून माहेरी निघणार, तेवढ्यात नणंद माहेरपणाला येते आणि सासू म्हणते, जरा पानं मांडायला घे. सून उभी राहते, आणि तिच्या तोंडून तिच्या आईचा आवाज निघतो. विहीणबाई, तुमची लेक आली, आता माझ्या लेकीलाही पाठवा की. सगळे गार पडतात. पिक्चरमध्ये त्याला आजार म्हणतात, डॉक्टरकडे नेतात.

आमच्याकडे कुणी आजार म्हणालं नाही. एक म्हातारी म्हणाली, अंगात आलं. आणि मग गोष्टी निघाल्या, कुणाच्या जावेच्या अंगात यायचं, कुणाच्या काकीच्या, आणि अंगात आलं की ती सासऱ्याला अरे-तुरे करायची, पाणी मागायची, नवी साडी मागायची, आणि द्यायचेही. उतरलं की पुन्हा चुलीपाशी. एरवी मागता न येणारं ती तेव्हाच मागून घेत होती का, हे त्या जावेला कुणी विचारलं नव्हतं. ती आता नाही. रात्रीचे अकरा झाले तरी कुणी उठेना, आणि वाचून दाखवणाऱ्या पोरीची दुसऱ्या दिवशी परीक्षा होती.

पुढच्या पाळीला २०१८ चा 'लिटल फॉरेस्ट' काढला आहे. दिग्दर्शक यिम सून-र्ये. म्हाताऱ्या झालेल्या पार्क नाम-ओक यांना २००१ च्या आपल्या माहितीपटात बोलतं केलं त्याच या बाई. शहराला कंटाळून गावी आलेली पोरगी, तिचं शेत, तिचा स्वयंपाक आणि चार ऋतू, एवढीच गोष्ट आहे म्हणतात. वाचून दाखवायला या वेळी दोघी लागतील, त्यात बोलणं कमी आणि पदार्थांची नावं फार आहेत.